राख हाच माल

आक्का, काल तुमच्या तेराव्याला डाळ शिजली न्हाई.

आचारी सकाळपासून चुलीपाशी घाम गाळून राह्यला होता. लाकडं बदलून पाहिली, डाळ विकणाऱ्या वाण्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण तूर टणक ती टणकच. मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं, यमुनेला नणंदेचा उमाळा आला. उमाळा कसला, मला हसू आवरत न्हवतं. साऱ्या जालन्याला तुम्ही आडाच्या पाण्याची खोड सांगत फिरल्या, अन् तुमच्याच पंगतीला ती कुणाच्या ध्यानात न्हाई. मी म्हणलं, "काका, डाळीला बोल लावू नका. आपल्या पाण्यात मॅग्नेशियम आहे. चिमूटभर सोडा टाका." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं बाईचं डोकं काही ठिकाणावर न्हाई. पण सोडा टाकला. डाळ शिजली, पंगत उठली. अन् मंग मात्र मी कोठीघरात जाऊन बसले अन् मनसोक्त रडले.

आज शाळेतून आले ती थेट लिहायलाच बसले. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे, अन् तुम्ही ऐकायच्या आधीच निघून गेल्या, याचा मला राग पण आहे. पुस्तकी भाषेत लिहिणार न्हाई. "बोलतेस तसं लिही गं, उगा पंडितीण होऊ नको," असं तुम्हीच म्हणत होत्या. मागचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून सांगते. आपल्या दोघींचा वाद पहिल्यापासून मांडल्याशिवाय त्याचा निकाल देता येत न्हाई, अन् निकाल आज लागला आहे.

मी शहागडची, गोदावरीच्या पाण्यावर वाढलेली. आमच्याकडं बाईनं डाळ चुलीवर ठेवावी, अंगण सारवून यावं, तोवर डाळ तयार. लग्न होऊन जालन्याला आले अन् डाळ शिजेचना. आत्याबाई, म्हणजे तुमची आई अन् माझी सासू, पानावर डाळीचा दाणा बोटानं दाबून दाखवायच्या. "हिच्या हाताला गुण न्हाई," एवढंच म्हणायच्या. पण ते शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मी रात्रंदिवस त्या डाळीच्या धसक्यानं वाळून चालले होते. तुम्ही नुकत्याच हैदराबादहून मास्तरकीचं शिक्षण घेऊन आल्त्या. वाटूरच्या सासरहून तुम्ही कायमच्या परत का आल्या, हे या घरात कुणी विचारत न्हवतं, अन् हैदराबादला शिकून आलेल्या बाईशी काय बोलावं, हे कुणाला समजत न्हवतं. मी तर तुम्हाला वचकूनच होते.

माझा भाऊ पंचमीला मला न्यायला आला, तेव्हा तुम्ही त्याला आधी निरोप धाडून गोदेच्या पाण्याची घागर गाडीत घालून आणायला लावली. तो म्हणाला, "बहिणीची नणंद भलतीच सोवळी दिसते." तुम्ही शेजारी-शेजारी चुली मांडल्या. तूर एकाच मापातली, लाकडं एकाच मोळीतली. एका तपेल्यात घागरीचं पाणी, दुसऱ्यात आडाचं. अन् आत्याबाईंना समोर पाटावर बसवलं. गोदेच्या पाण्यातली डाळ लोण्यासारखी झाली अन् आडाच्या पाण्यातली तशीच. तुम्ही म्हणाल्या, "आई, आपल्या काळ्या पाषाणातून पाणी येतं, त्यात चुना विरघळतो अन् मॅग्नेशियम नावाचा एक धातू. ते डाळीच्या दाण्याला धरून बसतात. साबणाला फेस येत न्हाई तो पण यांच्याच पायी. पोरीच्या हाताचा काही संबंध न्हाई."

आत्याबाईंनी दोन्ही डाळी चाखल्या. मंग म्हणाल्या, "पाण्याचा दोष असंल तर असंल. पण पाण्याला बोलून काय उपेग, ते थोडंच ऐकतं." अन् उठून गेल्या. त्या दिवसापासून मला डाळीवरून कुणी बोललं न्हाई. आक्का, मला माझ्या आईबापानं दागिने घातले, तुमच्या भावानं मंगळसूत्र घातलं. पण ह्या घरात मान वर करून चालायला मला त्या न दिसणाऱ्या धातूनं शिकवलं. मला त्याचं नावसुद्धा धड घेता येत न्हवतं. मी त्याला "आपला मगनशा" म्हणायची अन् तुम्ही हसून लोटपोट व्हायच्या.

मंग मी तुमच्या वर्गात येऊन बसले. सराफ्यात नारायणशेठ सोनारांच्या दुकानावरची माडी. पोरी पुढं, अन् मी एवढी घोडी मागं, डोक्यावर पदर घेऊन. सरकारी शाळा उर्दूची, आपला मराठी पोरींचा वर्ग शेठच्या मेहेरबानीवर. जागा दाखवली म्हणून सरकारी इजाजत मिळाल्ती. जागा गेली की इजाजत गेली, अन् इजाजत गेली की वर्ग गेला. हे सगळ्यांना बराबर ठाऊक होतं, म्हणून जिन्यात पोरी खोकायच्या पण दबून.

तुमच्यापाशी काजळाच्या डबीत ती फीत होती. हैदराबादच्या तुमच्या बाईंनी निघताना दिलेली. चांदीसारखी दिसायची पण मळकट, अन् हातात घेतली तर काही घेतलंय असं वाटायचंच न्हाई, इतकी हलकी. तुम्ही तिचा नखाएवढा तुकडा चिमट्यात धरून दिव्यावर न्यायच्या. "थेट बघू नका गं, नजर खाली," असं ओरडायच्या. अन् मंग माडीच्या भिंती अशा पांढऱ्या व्हायच्या की कोपऱ्यातली जळमटं मोजून घ्यावी. पोरी किंचाळायच्या. तुम्ही म्हणायच्या, हिला पाण्यानं विझवायला जाल तर आणखी भडकेल, वाळू टाकावी लागते. म्हणायच्या, जुलाबाला घेतो ते कडू मीठ यातनंच झालेलं, अन् झाडाच्या पानाचा हिरवा रंग पण याच्याशिवाय होत न्हाई. अन् एक दिवस म्हणाल्या, "ही जळली की हवेतला प्राणवायू धरून बसते. म्हणून राहिलेली राख फितीपेक्षा जड भरते."

झालं. शेठची नात काशी आपल्या वर्गात होती. तिनं घरी जाऊन आजोबाला सांगितलं, "जळून वजन वाढतं."

सोनाराला सांगितलं, आक्का. ज्यानं उभा जन्म आगीपाशी बसून घट, म्हणजे जळून किती तूट आली ती, काढली त्याला.

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः माडी चढून आले. माणूस रागीट न्हवता, पण हिशेबाला पक्का. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आक्काबाई, सोनं जाळा, चांदी जाळा, लाकूड जाळा. जळालं की घटतं. मी वाढलेलं बघितलं न्हाई, माझ्या बापानं बघितलं न्हाई. तुम्ही लेकीबाळींना लिहाय-वाचाय शिकवा, माझं काही म्हणणं न्हाई. पण माझ्या छपराखाली खोटं वजन शिकवलेलं मला चालणार न्हाई. उद्या बाजार म्हणेल, नारायणशेठच्या माडीवर तोलात लबाडी शिकवतात."

तुम्ही म्हणाल्या, "शेठ, तुमच्या काट्यावर तोलून दाखवते."

"अन् घटलं तर?"

"तर माडी रिकामी करते."

मला पोरींकडं बघवेना. मी तर लग्न झालेली, मला दुसरी शाळा कुठली मिळणार होती? मी भागाकारापर्यंत आल्ते. तुम्हाला म्हणलं, "एवढं कशाला बोलायचं? मान हलवली असती, शेठ उतरून गेले असते." तुम्ही म्हणाल्या, "अन् काशीला काय सांगितलं असतं? कालचं खरं होतं, आज खोटं झालं?" तुमचं हे असं. तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीला डोकं आपटणं, अन् वरून भिंतच बरोबर निघणार.

सकाळी दुकान उघडलं तसा प्रयोग मांडला. पायरीवर सराफ्यातली मंडळी जमली. शेठनी फितीचा तुकडा काट्यावर घातला, दुसऱ्या पारड्यात गुंजा टाकून बराबर केला. मंग तुकडा मुशीत, म्हणजे सोनं वितळायच्या त्या मातीच्या वाटीत, वर झाकण, अन् मूस शेगडीवर. तुम्ही चिमट्यानं झाकण जरासं उचलायच्या, हवा आत घ्यायच्या अन् लगेच झाकायच्या. जास्त उचललं की पांढरा धूर निसटतो अन् धुराबरोबर वजन जातं, हे तुम्ही आम्हाला आदल्या दिवशीच सांगितल्तं. मूस थंड झाली. शेठनी पिसानं आतलं सगळं पारड्यात काढलं, पारडं तोंडापाशी नेलं, अन् फू करून फुंकर मारली.

पांढरी राख त्यांच्या मिशीवर, गादीवर, पायरीवर बसलेल्या लोकांवर. शेठ रिकाम्या पारड्यात बघून म्हणाले, "माल कुठाय?"

तुम्ही कपाळाला हात लावला. "शेठ, राख हाच माल होता."

त्यांचं तरी काय चुकलं? सोनार मुशीतून नग काढतो, फुंकर मारून राख उडवतो, मंग तोलतो. त्याच्या बापजाद्यांपासून राख म्हणजे कचरा अन् तिच्याखाली असतो तो माल. हात अन् तोंड बरोबरच चालतात. शेठ खजील झाले. म्हणाले, "बराबर आहे, चूक माझी. उद्या पुन्हा करा. न्हाई फुंकत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं मांडलं. पुन्हा मूस थंड झाली. शेठनी पारडं उचललं, अन् आम्ही सगळ्या बघत असताना त्यांचे ओठ आपोआप गोल झाले. फू. ते स्वतःच दचकले. पायरीवरची मंडळी हसू लागली अन् शेठचा पारा चढला. "बस झालं. माझ्या दुकानात तमाशा न्हाई पाहिजे. बाजारच्या दिवसाच्या आदल्या सकाळी शेवटचं करा, न्हाई तर मला माडीची चावी द्या."

डबीत शेवटचा तुकडा राह्यला होता. नवी फीत मागवायची तर हैदराबादहून यायला पुढचा हंगाम उजाडला असता.

मी तुम्हाला घरी येऊन म्हणलं, दुसऱ्याला तोलू द्या. त्यांच्या मुनीमाला, न्हाई तर मुलांच्या शाळेतल्या मास्तरांना. शेठच्या तोंडाला वळणच पडलंय, ते काय आता सुटणार? तुम्ही म्हणाल्या, "सोनारानंच कान टोचावे, यमुने. दुसऱ्यानं तोललं तर बाजार म्हणेल, बाईनं माणूस फितवला. त्यांच्याच हातानं, त्यांच्याच काट्यावर." मी म्हणलं, "अन् पुन्हा फुंकर मारली तर?" तुम्ही म्हणाल्या, "न्हाई मारणार. सांगितलंय त्यांना."

सांगितलंय म्हणे. आक्का, तुम्हाला धातूचा स्वभाव कळत होता, माणसाचा न्हाई.

मंग मी माझ्या अकलेनं चालले. कोपऱ्यावर करीमचाचाचं पानाचं दुकान. मी पदर सावरून उभी राह्यले अन् म्हणलं, "चाचा, एक विडा बांधा. मोठा. तोंड भरून गेलं पाहिजे." चाचांनी पानं लावली. मी म्हणलं, "अजून." त्यांनी आणखी घातली, सुपारी, बडीशेप, खोबरं. मी म्हणलं, "अजून थोडं." चाचा हात थांबवून म्हणाले, "बाई, इत्ता बड़ा पान खाने को हाथी का मुँह होना." मी म्हणलं, "हाथीच आहे, बांधा तुम्ही."

शेवटच्या दिवशी तुम्ही मुशीपाशी उकिडव्या बसलेल्या. चेहऱ्यावर सुरकुती न्हाई. पोरी जिन्यात दाटीवाटीनं उभ्या, काशी सगळ्यात पुढं, आजोबाकडं बघेना अन् तुमच्याकडं बघेना. मूस शेगडीवरून उतरली, थंड झाली. शेठ पिसाला हात घालणार तेवढ्यात मी तबक पुढं केलं. "शेठ, विडा घ्या." घरच्या सुनेनं भर दुकानात पुरुषाला असं तबक पुढं करायची रीत न्हवती. तुम्ही मान वर करून बघितलं. शेठनी विड्याकडं पाहिलं, मंग माझ्याकडं एकदा पाहिलं, अन् विडा तोंडात घातला. दोन्ही गाल टम्म.

मंग पिसानं त्यांनी राख पारड्यात काढली. पारडं तोंडापाशी नेलं. ओठ गोल व्हायला गेले, मी डोळे मिटून घेतले. पण आत विडा. फुंकर मारायची तर दुकानभर पिचकारी. शेठ तसेच थांबले, अन् पारडं काट्याला लावलं. दुसऱ्या पारड्यात आधीच्याच गुंजा होत्या. राखेचं पारडं खाली गेलं.

शेठनी एक गुंज वाढवली. राख खालीच. आणखी एक वाढवली. राख खालीच. त्यांनी पारड्यांची अदलाबदल केली, काट्यात खोट आहे का बघायला. तरीही राखच जड. गाल फुगलेला तो माणूस काट्याच्या जिभेकडं बघत राह्यला, मंग उठला, बाहेर मोरीवर जाऊन विडा थुंकला, मिशी पुसली, अन् सगळ्या सराफ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाढलं. जळून वाढलं. माझा काटा खोटं बोलत न्हाई."

पोरींनी जो जिना दणाणून सोडला, तो आवाज माझ्या कानात अजून आहे. काशी आजोबाच्या गळ्यात पडली. मी, घरची सून, सराफ्यातून अनवाणी पळत सुटले, पदर कुठं अन् केस कुठं. आत्याबाईंपुढं जाऊन म्हणलं, "वाढलं." त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. आता डाळ टाक." पण सुपातले तांदूळ त्यांनी सांडले होते, ते मी बघितलं.

तुम्ही मात्र जिंकूनही फुगल्या न्हाई. शेठला म्हणाल्या, "तुमचं पण खरंच होतं. लाकूड घटतं, कारण त्याचा धूर उडून जातो. तो धूर धरून तोलता आला तर तेही वाढलेलंच निघेल." अन् जाता जाता, "पित्तावर तुम्ही निळ्या बाटलीतलं पांढरं औषध घेता न शेठ? त्यात पण हाच धातू. रोज पिता अन् आज ओळख झाली." शेठनी शेजारची खोली पण वर्गाला उघडून दिली. दर हंगामात हैदराबादहून फीत त्यांनीच मागवायला सुरुवात केली.

अन् त्याच संध्याकाळी आपलं भांडण लागलं.

मी मोठ्या फुशारकीनं विड्याचं सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप देतील. तुमचा चेहरा उतरला. "म्हणजे तू त्यांच्या तोंडात बोळा कोंबला."

"बोळा कसला, विडा. चांगला करीमचाचाचा."

"त्यांना न सांगता. मंग ते खऱ्याचं जिंकणं कसलं, ती तर हिकमत झाली. तोलणाऱ्याला ठाऊक नसताना त्याचं तोंड बांधलं, अन् मी वर मान करून बसले."

मी म्हणलं, राख तर खरीच जड होती न. तुम्ही म्हणाल्या, होती, पण त्यांना फसवून दाखवली. मी म्हणलं, न दाखवता वर्ग बंद पडला असता तर राखेला घेऊन काय चाटायचं होतं? हे भांडण किती वर्षं चाललं, आक्का. मी तुमच्याच वर्गात शिकून तुमच्याच शेजारच्या खोलीत शिकवायला लागले, तरी चाललंच. लढाईच्या दिवसांत हा धातू विमानांत अन् आगीच्या बाँबात जायला लागला, फीत मिळेना, तेव्हा तुम्ही महिनाभर फणकारून होत्या. "पोरींना उजेड दाखवायची वस्तू, अन् हे लोक गावं जाळायला वापरून राह्यले." मी म्हणलं, "बघा, त्यापेक्षा माझा विडा बरा." तुम्ही हसल्या, पण मान्य केलं न्हाई. एकदा मी म्हणलं, "विड्याचं पान हिरवं. हिरव्यात मॅग्नेशियम. म्हणजे शेठच्या तोंडात मॅग्नेशियम अन् पारड्यात पण मॅग्नेशियम. दोन्हीकडून तेच जिंकलं." यावर तुम्ही इतक्या हसल्या की खडू हातातून पडला. पण रात्री जेवताना पुन्हा म्हणाल्या, "तरीपण त्यांना सांगायला पाहिजे होतं."

शेवटच्या आजारात पण तेच. ताप डोक्यात चढलेला, मी कपाळावर पट्टी ठेवून राह्यले, अन् तुम्ही म्हणता, "यमुने, शेठला सांगून टाक. माझ्या मागं तरी सांग." मी म्हणलं, "मागं-बिगं काही न्हाई, बऱ्या होऊन तुम्हीच सांगा." तुम्ही डोळे मिटले. साऱ्या जालन्याच्या पोरी तुम्ही शिकवल्या, एवढा मोठा तुमचा जय, अन् त्यात हा एक खडा तुम्हाला टोचत राह्यला. त्याचा मला सगळ्यात जास्त त्रास झाला, मरणापेक्षा. मरण काय, येतंच.

आता आजचं सांगते.

काल गोडाचं जेवण झालं, सुतक फिटलं. मी ठरवलं, आज वर्ग उघडायचा तर तुमच्याच धड्यानं. फीत होती. शेठच्या दुकानात निरोप धाडला की काटा पाठवा. शेठ आता पार थकले, दुकान मुलगा बघतो. वाटलं, गडी काटा आणून देईल. पोरी बसल्या, मूस शेगडीवर ठेवली, तुमच्यासारखं झाकण उचलून-झाकून सगळं केलं. मूस थंड व्हायला ठेवली, तेवढ्यात जिन्यात काठीचा आवाज. शेठ स्वतः. एका हातात काठी, बगलेत काट्याची पेटी, एक-एक पायरी थांबत-थांबत. वर आले, उभे राह्यले, अन् मी बघतच राह्यले.

दोन्ही गाल टम्म. तोंडात विडा, त्या दिवशीच्या एवढाच. मोठा म्हणजे मोठा.

मी म्हणलं, "शेठ, हे काय?" त्यांना बोलता येईना. त्यांनी बोटानं आधी आपला गाल दाखवला, मंग काटा दाखवला, अन् मान हलवली. बसले. राख पिसानं पारड्यात काढली, पारडं तोंडापाशी नेलं, जरा थांबले, अन् काट्याला लावलं. राखेचं पारडं खाली. पोरी ओरडल्या.

शेठ सज्जात जाऊन थुंकून आले. म्हणाले, "त्या दिवशी मला कळलं न्हाई, असं वाटलं का तुम्हाला? आक्काबाईंची भावजय भर बाजारात तबक घेऊन येते, अन् विडा नारळाएवढा. मी काय दूधपितं पोर होतो? दोनदा फुंकलं होतं, तिसऱ्यांदा पण फुंकलंच असतं. तोंडाला कुलूप पाहिजे होतं, ते तुम्ही आणलं. न्हाई म्हणता आलं असतं. मी घेतलं."

मी म्हणलं, "का घेतलं?"

"काट्याला खरं बोलायचं होतं. मधी माझं तोंड येऊन राह्यलं होतं."

"मंग आक्कांना कधी का न्हाई सांगितलं?"

शेठ माझ्याकडं बघून म्हणाले, "त्यांना ठाऊक असंलच की. एवढी हुशार बाई."

ऐकलं का, आक्का? तोलणाऱ्याला ठाऊक होतं. त्यानं जाणूनबुजून, आपल्या राजीखुशीनं तोंड बांधून घेतलं अन् तुमचं खरं तोललं. कुणी कुणाला फसवलं न्हाई. तुमचा जय बिलकुल चोख होता, पहिल्या दिवसापासून. आपल्या वादात तुम्ही हरल्या, मी जिंकले, अन् या हरण्यावर तुम्ही केवढ्या खूश झाल्या असत्या. हे तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगायला मला एक पंधरवडा आधी मिळाला असता तर काय बिघडलं असतं कुणाचं?

पोरी घरी गेल्या. मी राख कागदात पुडी करून तुमच्या डबीत ठेवली. खाली उतरले, तर करीमचाचाच्या दुकानावर आता त्यांचा मुलगा बसतो. त्याला म्हणलं, "एक विडा बांध. मोठा." त्यानं बांधला. मी म्हणलं, "अजून." तो बिचारा बांधत राह्यला. भर रस्त्यात विडा तोंडात घातला. एवढा होता की रडता पण येईना.

घरी आले तरी तोंड भरलेलंच होतं. म्हणून हे सगळं लिहून सांगितलं.